राणी रंगाचा कोट

पिनर, ३ मार्च २०२५

ती. रेखाआत्यास,
पूर्वीचा शि. सा. न. वि. वि.

वरची अक्षरं बाबांनी सांगितली म्हणून लिहिली. ग्रुपवरचे मेसेज तू वाचत नाहीस, म्हणून हे पोस्टाने. मेमध्ये माझी लग्न आहे आणि सगळ्यांची थीम सेज ग्रीन आहे. सोबत कापडाचा तुकडा पाठवलाय. प्लीज, या वेळी तुझा राणी रंग नको. आई-बाबा ऑफिसात असायचे आणि तू मला शाळेतून घ्यायला यायचीस, तेव्हा गेटवर तुझ्या त्या कोटामुळे किती एम्बॅरसिंग व्हायचं. एकच माणूस वेगळा दिसला की फ्रेम बिघडते, असं फोटोग्राफर म्हणाला.

रागावू नकोस, लाड चालू ठेव.
पूर्वी


मिल्टन कीन्स, ९ मार्च

चि. पूर्वीस,
अनेक आशीर्वाद.

तुकडा पोचला. या रंगाला आम्ही दुधीची साल म्हणतो. पाच वर्षांनी फोटो बघून तूच विचारशील, की सगळ्यांनी हे काय घातलं होतं. माझा राणी रंग कधी जुना झाला नाही, कारण तो माझ्याखेरीज इथे इंग्लंडात कोणी घातलाच नाही.

तरी तुझा शब्द मोडणार नाही. साडी मागवते. आणि लग्न ‘ते’ असतं, ‘ती’ नव्हे. शार्दूलरावांना हे आधीच सांगून ठेव.

कळावे. लोभ रंगाकडे न बघता असू द्यावा.
रेखाआत्या


पिनर, २७ मे

ती. आत्यास,
शि. सा. न.

लग्न झालं. (ते.) मी तुझ्यावर रागावले आहे. मामा मला मांडवात आणत होता तेव्हा मी तुला शोधत होते. सगळा हॉल हिरवा, राणी रंग कुठेच नाही. मला वाटलं तू आलीच नाहीस, आणि तेही माझ्या पत्रामुळे. अंतरपाटामागे मी रडत होते. गुरुजींना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून. मग जेवताना तू समोर येऊन उभी राहिलीस, तर मी तुला ‘हॅलो आंटी’ म्हणाले. थीम मीच ठरवली होती, ते माहीत आहे. तरी राग आहे.

तुझीच,
पूर्वी


मिल्टन कीन्स, २ जून

चि. पूर्वीस,
अनेक आशीर्वाद.

राग पोचला. मी तिसऱ्या रांगेत होते. अक्षता नेमाने टाकत होते.

तो कोट मी आवडला म्हणून घेतला नव्हता. नर्सरीच्या पहिल्या आठवड्यात गेटवर सगळ्या बायका काळ्या कोटात, मीही काळ्यातच. तू भलतीचाच हात धरून चालू लागलीस आणि त्या बाईच्याही ते ध्यानात आलं नाही. मी फार घाबरले. त्याच शनिवारी दुकानातला सगळ्यात भडक कोट आणला. पुढे तू कधी चुकली नाहीस, आणि मला त्या रंगाची सवय लागली.

काल फोटो आले. फ्रेम छान आहे. मी डावीकडून तिसरी किंवा सहावी असेन, मलाही नक्की सांगता येईना.

दुधीची साल धुऊन ठेवून दिली आहे. रविवारी दुपारी तुमच्याकडे जेवायला येते. शार्दूलरावांना त्रास देऊ नकोस, स्टेशनवर तूच ये. या वेळी चुकणार नाहीस.

लोभ आहेच, वाढला तर हरकत नाही.
तुझी रेखाआत्या