चिंबोऱ्यांच्या बिळांमागून

८ डिसें.
पाटाला पाणी सुटलं. पाटाचं शेपूट माझ्या पाणथळीपाशी संपतं, आणि तिथं आधीच डबकं. वाटणीत धाकट्या दिरांनी, भाऊजींनी, खालची चांगली रानं घेतली, ही दलदल माझ्या पदरात. हे गेल्यावर माझ्या बाजूनं बोलणार कोण? आज भाऊजी म्हणाले, "वैनी, तिथं म्हस रुतली व्हती. तुमी काय पिकवणार? मला द्या." भराव टाकून प्लॉट पाडायचेत त्यांना. उन्हाळी भात नाही झालं तर देते, असं मी बोलून बसले. जीभ माझी...

२० डिसें.
दोरी धरून चर खणला, अगदी सरळ. आठ दिवस, पाच बायका. पाणी जागचं हललं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. ठाकरांच्या वाडीवरची कमळी मात्र हसत बसली. ती इथं चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरते. म्हणे, चिंबोरी झऱ्यावरच बीळ करते, बिळांमागून खणा. मग आधी का नाही बोललीस गं? "इचारलं कुनी?"

३ जाने.
बिळांमागून चर. इतका वाकडा की गाव हसलं. दुपारी ओढ्याकडचं तोंड फोडलं आणि पाणी निघालं! काळं, कुजकं. त्याच्याबरोबर ओढ्यापर्यंत धावलो. रडले मी, सगळ्यांसमोर.

२९ जाने.
लावणी. पाय नडगीपर्यंतच गेला, खाली टणक. आता वरून पाट, खालून चर. पाणी मी म्हणेन तेव्हा येतं, म्हणेन तेव्हा जातं. कमळीनं एकच मागितलं, वरचा कोपरा ओला ठेवायचा, चिंबोऱ्यांसाठी. ठेवला.

१८ मार्च
बांधाला बीळ, अर्धं पाणी गेलं. कमळीच्याच लाडक्या! तिला नि चिंबोरीला, दोघींना शिव्या घातल्या. संध्याकाळी कालवण घेऊन आली. झणझणीत. राग कसला टिकतोय.

१२ मे
कापणी झाली. म्हैस रुतली होती तिथंच भाताचा ढीग घातला, मुद्दाम. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून दाखवला. मिरवले, हो, मिरवले.

१३ मे
भाऊजी आले. मूठभर भात घेऊन तळहातावर चोळून बघितला. जमिनीचं नाव काढलं नाही. मग खाली बघत, "वैनी, चराचं पानी वड्यात फुकट जातंय. म्होरच्या साली माज्या रानात वळवू का?"
वळवा की. पण कुठून खणायचं ते मला नाही कळत, कमळीला विचारा, मी म्हणाले.
भाऊजी ठाकरांच्या वाडीची वाट आजवर चढले नाहीत कधी. चपला घालून उठले तर खरे...