क्लोराइडचे अठरा इलेक्ट्रॉन

टीचर,

आज सकाळी देवापुढे दिवा लावला, नातीला स्वयंपाकघरात खाली बसवलं आणि परातीत तुरीची डाळ, हुलगे नि तांदूळ घेतले. डाळ म्हणजे प्रोटॉन, हुलगे न्यूट्रॉन, तांदूळ इलेक्ट्रॉन. मॅट्रिक झालेली बाई काय शिकवणार, असं घरच्यांना वाटतं. वाटू दे. क्लोरीनचा अणुक्रमांक सतरा, म्हणून डाळीचे दाणे सतरा, तांदूळही सतरा. वस्तुमानांक पस्तीस, त्यातून सतरा काढले की हुलगे अठरा. झोपेतून उठवून विचारलं तरी मला हे येतं. शिकवलंय कुणी!

पोरीनं क्लोरीन बरोबर मांडला. मग क्लोराइड, डोक्यावर वजाचं चिन्ह. तिनं झटकन एक तांदूळ उचलला. उरले सोळा. मला हसू फुटलं. मीही फळ्यावर सोळाच लिहिले होते, आणि तुम्ही खडू परत माझ्या हातात देऊन म्हणालात, "वजा दिसला की काढत सुटायचं, होय गं? इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण. तो एक जास्त आला, म्हणून वजा." वर्गात कन्नड बोलणाऱ्या तुम्ही मला रागावताना आपल्या मराठीत यायचात. बाकीच्या मुलींना कळायचं नाही, मला लागायचं.

तेच सांगून मी दोन तांदूळ टाकले. अठरा. पोरीला पटलं, तरी तिनं परात सरकवली.

"बिडु अज्जी, सोड. मी कॉमर्सच घेते. सायन्सला जाऊन नापास झाले तर सगळे हसतील." कॉलेजचा फॉर्म उद्या भरायचाय. "तुझं बरं होतं. तुझ्या अप्पांनीच पाठवलं नाही. तुला ठरवावं लागलं नाही."

हीच गोष्ट मी या घरात इतकी वर्षं सांगत आले. तुम्हालाही तेच वाटलं. निकालानंतर तुम्ही नजरबाद मोहल्ल्यात आमच्या दारात उभ्या राहिलात. "हुशार आहे हो, कॉलेजात घाला." अप्पा आत आले, हळूच म्हणाले, "जातेस काय? फीचं मी बघतो." मी स्टोव्हपुढे बसलेय, मान वर करत नाही. नको म्हणते. तिथं सगळं इंग्रजीत. चारचौघांत पुन्हा चुकले तर, एवढीच भीती. अप्पा बाहेर जाऊन म्हणाले, "आमच्यात पाठवत नाहीत, टीचर." मुलगी घाबरली, हे त्यांना तुमच्यापुढे म्हणवलं नसेल. तुम्ही पाणीही न घेता गेलात. त्यानंतर देवळात अप्पा समोर आले तरी तुम्ही त्यांच्याकडे बघत नव्हतात. ते मात्र हात जोडायचे. मी शेजारीच असायचे.

पोरीला आज हे सगळं सांगितलं.

"म्हणजे अज्जी, तू घाबरलीस?"

"हो."

"आणि बिचाऱ्या अप्पांवर ढकललंस?"

"हो. तुला भीती वाटते ना, वाटू दे. तुझ्या नावावर असू दे ती. फॉर्म काय भरायचा तो तू ठरव."

तिनं परात परत जवळ ओढली. मग म्हणाली, "सोडियम मांडू?" अधिकच्या चिन्हाला तिनं न विचारता अकरातला एक तांदूळ काढला. दहा. सायन्स घेईल, मला खात्री आहे.

तुम्ही नाही, अप्पा नाहीत. हा कागद कुठं पाठवायचा? तेव्हा देवळाच्या पायरीवर दोन वाक्यं पुरली असती. पण तुम्ही मला जवळ घ्यायचात, आपल्या प्रसादातलं केळं माझ्या हातावर ठेवायचात, "बिचारी पोर" म्हणायचात. टीचर, मला ते आवडायचं.