तुमच्या नावाच्या सभेत माईक चालू राहिला

डॉक्टर, तुमच्या स्मरणार्थ होणारं व्याख्यान या रविवारी रोह्याला झालं. दरवर्षी होतं. विषय वैद्यकीय नीतिमत्तेचा, जेवण औषध कंपनीचं आणि साउंड माझा. तुमचा हार घातलेला फोटो ते स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात ठेवतात. तिथे खरं तर माझा स्पीकर यायला हवा, पण मी वाद घालत नाही, स्पीकर हातभर मागे घेऊन थोडा आत वळवतो. मग माईकवर तेच तेच दोन शब्द बोलून सगळ्यांत मागच्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि कुणाला तरी बोलायला लावून ऐकतो. ही खोड तुम्ही लावलेली.

पेणजवळच्या जोहे गावातली ती दुपार तुम्हाला आठवत असेल का कोण जाणे. मूर्तीच्या कारखान्यांतल्या माणसांना प्लास्टरची धूळ छातीत जाते म्हणजे काय होतं, हे सांगायला तुम्ही पेणहून एसटीने आला होता. मी तिथेच रंगकाम करायचो आणि कुणाकडून न शिकता, जुने अ‍ॅम्प्लिफायर उघडून उघडून साउंडचं काम शिकलो होतो. त्याचा तोरा होता मला, अजून आहे. तुम्हाला दाखवायचं म्हणून मी आवाज असा सोडला की शेतातली गुरं बुजली. तुम्ही बोलायचं थांबलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "अरे कारागिरा, वरात आहे का ही? शेवटच्या माणसाला नीट ऐकू आलं की झालं. त्याच्या पुढे सगळा आवाज तुझ्या हौसेचा." मला झोंबलं. पुढच्या महिन्यात तुम्ही मला दवाखान्यात बोलावून तुमच्या मुंबईच्या मित्राकडचा एक जुना, जड माईक हातात ठेवलात. तो आजही चालतो. जाळी बदलली, वायर बदलली, आतलं काही बदललेलं नाही.

त्या दिवशी तुमच्या बाकड्यावर बसून मी तुमची पद्धत पाहिली. माणूस समोर बसतो, खोकतो, आणि तुम्ही नळी कानात घालायच्या आधी विचारता, "काम काय करतोस?" मग, "सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?" मिठागरावरचा एक म्हातारा हसतो, "सुट्टीला बरा वाटतं डाक्टर, सुट्टीच द्या लिवून." तुम्हीही हसता. पण लिहून घेता.

तुमच्या डॉक्टरांच्या असोसिएशनची एक रीत मला साउंडवाला म्हणून शिकावी लागली. सभेत एखाद्या सभासद डॉक्टरच्या चुकीचा विषय निघाला की अध्यक्ष हाताचा पंजा पालथा करून खाली दाबतात. म्हणजे माईक बंद. मग ते आपसात बोलतात, पंजा वर झाला की माईक चालू, आणि पुढचा विषय. तुम्ही ठराव आणलात त्या सभेतही पंजा खाली गेला. ठराव साधा होता. कारखान्याच्या पगारावर राहून कामगाराला फिट म्हणणाऱ्या डॉक्टरनेच त्याच्या आजारावरही निकाल देऊ नये. कामामुळे आजार दिसला तर कुणाही सभासदाने तसं लिहावं, असोसिएशन त्याच्या पाठीशी राहील. आणि असाच नियम करा म्हणून सरकारला कळवावं. मी बटणाकडे हात नेला. तुम्ही स्टेजवरून म्हणालात, "बंद नाय करायचा. मी जे बोलतोय ते बंद माईकवर बोलण्यासारखं नाही." मी हात मागे घेतला. विरोधात कुणीच बोललं नाही. उलट तुमची स्तुती झाली, आणि विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत तो नव्हता. त्यानंतर तुम्हीच नव्हता.

याच असोसिएशनची ताकद मी पाहिलेली आहे, म्हणून जास्त लागतं. पेणला एका डॉक्टरच्या दवाखान्याच्या काचा फोडल्या, तेव्हा दुपारपर्यंत पेणपासून रोह्यापर्यंत सगळे दवाखाने बंद. बरोबरच होतं ते, मोर्चाला साउंड मीच फुकट दिला. एकजूट करता येत नाही असं नाही.

आता माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. तो रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटावर आहे, पावडर भरायच्या खात्यात. गेलं वर्षभर त्याची छाती वाजते. मी तुमचाच प्रश्न विचारला. म्हणाला, "रविवारी बरा असतो दादा. सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत छातीवर कुणी बसल्यासारखा होतं." सुपरवायझर माणूस वाईट नाही. तो म्हणतो, कामामुळे होतंय असं डॉक्टरचं लिहून आण, दुसऱ्या खात्यात टाकतो. कंपनीच्या डॉक्टरने लिहिलं फिट. म्हणून मी त्याला घेऊन हिंडलो. रोह्यातले एक डॉक्टर म्हणाले, "कामाचाच त्रास आहे, तोंडी सांगतो. लिहून मागू नका, कंपनीचा डॉक्टर माझ्या बॅचचा आहे." पेणचे एक डॉक्टर जरा खरं बोलले, "असोसिएशनने ठरवू दे, पहिलं मी लिहितो. एकट्याने कशाला अंगावर घेऊ?" घरी भावजयीने ताट वाढता वाढता टोला दिला, "येवढे डाक्टर तुमच्या वलखीचे दादा, आनि एक कागद नाय मिलत? मंग त्यांचे माईक कशाला पुसता?"

म्हणून रविवारी मी भावाला सोबत नेला आणि शेवटच्या खुर्चीवर बसवला. व्याख्यान चांगलं झालं. प्रश्न विचारा म्हणाले तसा मी मिक्सरजवळूनच उभा राहिलो. "साहेब, ज्यांच्या नावाने ही सभा आहे त्यांच्या ठरावाचं काय झालं? माझा भाऊ मागे बसलाय. तुमच्यातल्या दोघांनी त्याला कामाचाच आजार सांगितलाय, लिहायला कुणी तयार नाही. तुम्ही ठरवलं तर तो उद्या दुसऱ्या खात्यात जाईल."

आताचे अध्यक्ष तुमचेच शिष्य, डॉक्टर. तुमचा ठराव त्यांच्याच अक्षरात लिहिलेला होता. त्यांनी पंजा खाली दाबला. मी बटणाला हात लावला नाही. माईक बंद झाला असं समजून ते शेजारच्या सचिवांना हळूच म्हणाले, "सगळ्यांना माहितीये रे, त्या खात्यातले चार जण माझ्याकडेच येतात. पण आपल्याच माणसाच्या सर्टिफिकेटवर बोट कोण ठेवणार?" तुमच्या जुन्या माईकने शब्दन् शब्द उचलला. अख्ख्या हॉलने ऐकलं.

मला वाटलं, आता काहीतरी होणार. मी खुर्च्यांकडे पाहत राहिलो. कुणीतरी खाकरलं. मधल्या रांगेतून एक जण म्हणाला, "सर, लाइव्ह आहात!" आणि हशा पिकला. अध्यक्षही हसले. लाजले जरासे, नाही असं नाही. मग नीट माईकमध्ये म्हणाले की विषय गंभीर आहे, समिती नेमू. टाळ्या झाल्या. जेवायला बोलावलं. इतकी वर्षं मी समजत होतो की सगळं अडलंय ते त्या पंजापाशी, त्या बटणापाशी. ऐकू आलं तर माणसं हलतील. ऐकू आलं, डॉक्टर. माणसं ताटं घ्यायला रांगेत उभी राहिली.

ते पेणचे डॉक्टर रांगेतून बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. परतीच्या टेम्पोत भाऊ स्पीकरला टेकून बसला होता. म्हणाला, "उगाच वाईटपणा घेतलास दादा. पुढच्या वर्षी दुसरा साउंड बोलवतील." आणि मग, "पन मागंपर्यंत सगला ऐकू आला, व्हय." सोमवारी तो त्याच खात्यात गेला. जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. श्वासच जास्त ऐकू येत होता.

तुमच्या दवाखान्याच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, तिथे हे पत्र धाडून उपयोग नाही. घडी करून तुमच्या माईकच्या डब्यात ठेवतोय. एक मात्र सांगून टाकतो. अध्यक्ष ते बोलत होते, भाऊ मागे बसून ऐकत होता, आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते त्याच्याबद्दल नव्हतं. आलं ते एवढंच, की साउंड चोख लागलाय, इतका हळू आवाज मागपर्यंत नेऊनही माईकने कुठे शीळ घातली नाही.