हाडांचा डेपो

अम्मा, घरात आपण दखनी बोलायचो, पण मला लिहिता येतं ते शाळेतलं मराठी. तुम्हाला दोन्ही वाचता येत नव्हतं, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या साली अब्बा जळकोटच्या माळावरून निघाले ते परत आलेच नाहीत. कुणी म्हणे हैदराबादला पोचले, कुणी म्हणे माळावरच मारले गेले. तुम्ही बांगड्या उतरवल्या नाहीत. काही वर्षांनी नळदुर्गच्या सडकेला हाडांचा डेपो उघडला. मेलेल्या गुराढोरांची हाडं विकत घ्यायची, ट्रकनं मुंबईला न्यायची, तिथून बोटीनं परदेशी. पैसा विलायती कंपनीचा, आणि रोख. बाया खुरपणी सोडून पाट्या घेऊन माळावर पळाल्या, बागायतदार हात चोळत बसले. तुम्हीही निघालात. मामू ओरडले, "खानदानाची बाई हाडं येचणार व्हय?" तुम्ही पाटी उचललीत.

संध्याकाळी मी भाकरी थापतेय, आणि तुम्ही अंगणात एकेक हाड हातात घेऊन बघताय. अब्बांना शोधताय, हे मला कळतं. अंगठा हाडावरून फिरतो आणि तुम्ही हलकेच विचारता, "कौन जी तुम?" शेळीच्या हाडालाही तुम्ही 'तुम'च म्हणायचात, न जाणो. डेपोवर हाडं तोलतानाही तुम्ही तेच विचारायचात, आणि मुकादम हसायचा, "बाई, हाड ते हाड. कंपनी नाव इचारत न्हाय."

"कंपनी न्हाय इचारत. म्या इचारते."

दोन-तीन पावसाळ्यांत माळ धुतल्यासारखा साफ झाला. हाडं संपली तशी कंपनी दुसरीकडं गेली, डेपोला कुलूप लागलं. बाया पुन्हा त्याच बांधावर खुरपायला गेल्या, आणि बागायतदारांनी मजुरी पाडली. शेवटचा ट्रक गेला त्या दिवशी मी नाचतच घरी आले. माळावर एक हाड उरलं नाही आणि अब्बा सापडले नाहीत, म्हणजे ते जिवंत आहेत! तुम्ही म्हणालात,

"माळावर म्या एकटीच न्हवते येचत, बेटा. बाकीच्या बाया कुठं इचारत हुत्या?"

आणि उंबऱ्यावर हात आपटून तुम्ही बांगड्या फोडल्यात.

त्या हाडांचं तिकडं काय होतं, हे मला फार उशिरा कळलं. लाकूड चिकटवायचा सरस होतो, आणि औषधाच्या कॅप्सूलचं टरफलही. इतक्या वर्षांनी त्यात कोण असणार? मूर्खपणा आहे, कळतं मला. तरी कॅप्सूल माझ्याच्यानं गिळवत नाही. उघडून पूड मधातून घेते, टरफल लिंबाच्या कुंडीत पुरते आणि फातिहा म्हणते. घरात कुणाला हे ठाऊक नाही.