विहिरीत टाकलेल्या गोळ्या

दिंद्रुड,
१५ सप्टेंबर, सोमवार

चि. आश्रुबास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. लिहिलाय खरा, पण मनातून निघंना, हे आधीच सांगते. फोन केला की तू वरडतोस अन् मी रडते, म्हणून कागद घेतला, आजच माणसाच्या हाती धाडते. वनमालाकडून वाचून घे. नवऱ्याचं कर्तृत्व तिलाबी कळू दे.

तू निरोप धाडलास, ‘आक्का, रविराजच्या गोळ्या बंद कर, त्यानं शपथ मोडली, गावात माझी इज्जत गेली.’ अन् तुझा प्रविण का म्हणून घरी येईना, असंबी इचारलंस. प्रविण माझ्याजवळ हाय. दोन घास खातोय. त्याचं मग लिहिते.

आधी तुझ्या इज्जतीचं बघू.

माझं पोरगं रविराज टपरीवरच्या झोपेच्या गोळ्यांच्या नादी लागलं, कॉलेज सुटलं, घरात बोलणं सुटलं. मी त्याला बीडला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईनं सांगितलं, ही सवय एकदम तोडायची न्हाई, मी देते त्या गोळ्या घ्यायच्या अन् हळूहळू कमी करायच्या. एक शब्द वाकडा बोलली न्हाई. येताना पोरगं यष्टीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलं.

लगेच तू आलास, मामा म्हणून. त्याला चौसाळ्याला नेलंस, खंडोबाच्या देवळात गाव गोळा केलंस, हातावर बेलभंडारा ठेवून ‘गोळीला शिवणार न्हाई’ असं वदवून घेतलंस. फोटो निघाले. तुझ्या ऊसतोडीच्या टोळीतली माणसं म्हणली, मुकादम असावा तर असा! अन् त्याला घरी सोडायला आलास तवा फळीवरच्या डॉक्टरीणबाईच्या गोळ्या उचलून विहिरीत टाकल्यास. मी आडवी आले तर म्हणलास, ‘गोळी ती गोळीच, आक्का. देवापुढं लबाडी चालत न्हाई.’

अरे येड्या, विष अन् औषध देवाला वेगळं कळतंय, तुलाच कळंना!

दोन-तीन दिवसांत पोराला झटके आले. गोठ्यापुढं पडला, तोंडाला फेस, डोळे पांढरे. मी त्याचं डोकं धरून बोंबलत होते. शेजारचा धोंडीराम जीप घेऊन धावला म्हणून आज हे पत्र लिहितेय, न्हाईतर दहाव्याचा सांगावा धाडला असता. अन् तुला फोन केला तर तू काय म्हणलास? ‘चोरून घेतली असंल, खंडोबानं दाखवून दिलं.’

त्यानं शपथ पाळली, आश्रुबा. पाळली म्हणून पडला.

आता मी रोज माझ्या हातानं त्याला डॉक्टरीणबाईची गोळी देते. बंद करत न्हाई, जा! गावाला सांग, आक्कानं शपथ मोडली. पाप लागायचं ते मला लागू दे.

अन् ऐकलं, रविवारी तू आणखी पोरांच्या हातावर भंडारा ठेवून तीच शपथ घालणार हायस. पहिला मान प्रविणचा, म्हंजे मुकादमाचं पोरगं किती निर्मळ ते समद्यांना दिसंल.

त्याचं लिहायला हात धजत नव्हता. काल तो आला तो रविराजच्या बाजेवर बसून राहिला. जेवायला हाक मारली तर रडायलाच लागला. म्हणला, ‘आत्या, मीबी घेतो. दादाच्या आधीपासून. शपथ घेतली तर मीबी तसाच पडंन, अन् न्हाई घेतली तर आबा जीव घेतील.’ तुला कळवू का म्हणून इचारलं. म्हणला, ‘तूच लिही, मला तोंड न्हाई.’

तुझं पोरगं हाय, आश्रुबा. बापाला भिऊन आत्याच्या घरात लपलंय.

बुधवारी सकाळच्या गाडीनं मी दोघांना बीडला नेते. तुला यायचं असंल तर ये, बाप म्हणून ये. त्याच्याशेजारी बाकावर बस अन् बाई काय सांगतेय ते ऐक. पण भंडाऱ्याची पिशवी घेऊन आलास तर दारातूनच माघारी जाशील, अन् पुढच्या राखीला माझ्यापुढं हात धरू नको.

आता फक्त या दोन पोरांची,
छबुआक्का