तुडतुड्याच्या पायातले दाते

बाबा, तुमचं चुकलं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला हे आता, पन्नाशी उलटल्यावर कळतंय. सांगायला तुम्ही नाही, याचा नुसता वैताग आलाय.

कर्नाळ्याच्या वाटेवरचं आपलं शेत. भातावर तुडतुडे पडलेत, मी आठवीत आहे. रोपांच्या चुडाला पाय लागला की ते टुणकन उडतायत. मी विचारलं, यांचे मागचे दोन्ही पाय एकाच क्षणी कसे झटकतात? तुमच्या वर्कशॉपमधल्या चाकांसारखं यांच्या पायांतही काही एकमेकांत अडकत असेल का? दिवसभर गिअरचे दाते पाडणारे तुम्ही, हसत हसत बांधावरच बसलात. "किड्याला गिअर? कोनी पाडले दाते, तुज्या आज्यानं?" मी हट्टाला पेटले, तेव्हा खिशातलं दाते तपासायचं भिंग काढलंत. पण त्याखाली धरलात तो पंख फुटलेला मोठा तुडतुडा. बिनपंखांची पिल्लं माझ्या ओंजळीत होती, ती झटकून टाकायला लावलीत. "अर्धा नग तपासायचा नसतो. तयार झालेला बगायचा." वर्कशॉपचा नियम, तोही शेतात! "बग, काय नाय." आणि मशीनवर शिकायला येते म्हणून मी महिनाभर तुमच्या मागे लागले होते, त्याचाही निकाल तिथेच लावलात. "किड्यात गिअर बगनारी पोर मशीनवर नको. बोटं जातील." मी जीवशास्त्राकडे वळले. ते शिकवते, मन लावून शिकवते; पण रस्त्याने जाताना लेथचा आवाज आला की अजून मान वळते.

दाते पिल्लांनाच असतात, बाबा! मागच्या दोन्ही पायांच्या मुळाशी, एकमेकांत बसणारे, चक्क गिअर. शेवटची कात टाकली की जातात. पिल्लाचा दाता तुटला तर पुढच्या कातीबरोबर नवा येतो. मोठ्याला पुन्हा कात नाही, म्हणून त्याला ही नाजूक चाकं परवडत नसावीत, असं म्हणतात. तुमच्या भिंगातून ते पिल्लातही दिसले नसते, इतके बारीक. हे कळल्यावर तर मी आणखीच चिडले, कारण आता धड भांडताही येईना. दोष भिंगाला द्यायचा की तुम्हाला? तुम्हालाच देते. बघण्याआधीच हसलात तुम्ही.

आपल्या शेतावर आता इमारती आहेत. गेल्या आठवड्यात शिरढोणच्या एका शेतातून पिल्लं आणली आणि कॉलेज सुटल्यावर मायक्रोस्कोपखाली ठेवली. बराच वेळ खटपट केली, मग दाते दिसले. त्या घटकेला तुम्हाला काय काय सुनावायचं ते मी मनात घोळवून ठेवलं होतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे मनसोक्त सुनावलंही. पण खरं सांगू? दाते दिसले तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बसा, बघा." आणि मी स्टूल रिकामं करून बाजूला उभी राहिले. लॅबमध्ये दुसरं कोणीही नव्हतं.