एकाच खड्ड्यातला प्लाझ्मा

तीर्थरूप ताईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. डोळेही शाबूत आहेत, लेझरचा चष्मा मी कधीच विसरत नाही. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथल्या प्रयोगशाळेतले विद्वान मात्र धन्य आहेत. लेझरचा झोत तांब्याच्या पत्र्यावर पडला की धातूची वाफ होऊन लखकन ठिणगी उठते, तोच प्लाझ्मा. त्याच्या उजेडावरून आम्ही त्याचं तापमान काढतो. दर झोताला पत्रा केसभर सरकवून कोरी जागा द्यायची असते. आमचे प्रमुख डॉक्टरसाहेब तेच विसरले. चाळीस झोत एकाच जागी मारून पत्र्यात खड्डा पाडला. खड्ड्यात कोंडलेला प्लाझ्मा जास्त तापला, आणि हे महाशय नवा शोध लागला म्हणून नाचायला लागले!

मी नोंदवहीत लिहिलं, "पत्रा सरकवलेला नाही."

"तुमचं शिक्षण किती हो?" त्यांनी विचारलं.

"खड्डा ओळखण्यापुरतं आहे," मी म्हणालो, आणि पत्रा सरकवून दाखवला. तापमान मुकाट्याने खाली आलं.

तरी म्हणतात, ती ओळ खोडा, नाहीतर सोमवारी तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीवर सही करणार नाही. बावीस वर्षं मी एकेक आकडा नीट लिहिला. आता या पोपटांसाठी खाडाखोड करू? ओळ आहे तशीच आहे.

आईला यातलं काही सांगू नकोस. माळ्यावरची माझी हत्यारांची पेटी तेवढी भावोजींकडून खाली काढून घे. पान्यांना गंज चढला असेल, तेलाचा हात फिरवून ठेव.

तुझा हट्टी,
धाकटा